फिल्म असो वा डिजिटल, या चुका टाळा

फिल्म श्रेष्ठ की डिजिटल, हा वाद कितीही रंगला तरी प्रोजेक्शनच्या केबिनमध्ये बसणाऱ्याला त्याचे सोयरसुतक नसते. त्याच्या वाट्याला दोन्ही माध्यमांतल्या चुका येतात, आणि त्यांतल्या बऱ्याचशा एका माध्यमाची सवय दुसऱ्यात तशीच नेल्यामुळे झालेल्या असतात. महोत्सवांच्या खेळांची तांत्रिक बाजू सांभाळताना दरवर्षी नव्या चेहऱ्यांनिशी भेटणाऱ्या या चुका आता एकदा लिहून काढणेच बरे.

सर्वांत महागात पडते ती फ्रेम रेटची चूक. बोलपट आले तेव्हापासून चित्रपटगृहाचा वेग सेकंदाला 24 फ्रेम असा ठरला, आणि हॉलिवूडच्या स्टुडिओंनी 2005 साली डिजिटल सिनेमाचे मानक जाहीर केले तेव्हाही पाया तोच राहिला. आपल्याकडे दूरदर्शनच्या पाल पद्धतीमुळे 25 चा वेग रुळला, आणि कॅमेऱ्याच्या मेनूत तो आजही न पाहता निवडला जातो. 25 वर चित्रीकरण करायला कोणाची हरकत नाही, फक्त चित्रपटगृहासाठी डीसीपी, म्हणजे पडद्यावर दाखवण्याचे डिजिटल पॅकेज, बनवताना ते लक्षात ठेवावे लागते.

एका महोत्सवात अर्ध्या तासाचा एक लघुपट आदल्या रात्री उशिरा हाती पडला. दिग्दर्शकाने 25 च्या टाइमलाइनवरून चित्रांची मालिका काढली होती, ध्वनीची फाइल वेगळी काढली होती, आणि फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही मिळून 24 चे डीसीपी बांधले होते. त्यामुळे चित्र 31 मिनिटे 15 सेकंदांचे झाले आणि ध्वनी मात्र तीसच मिनिटांचा राहिला, म्हणजे दर मिनिटाला आवाज अडीच सेकंद पुढे पळू लागला. सुरुवातीला नुसता पाऊस आणि संगीत असल्याने कोणाच्या लक्षात आले नाही. चौथ्या मिनिटाला आजी खलबत्त्यात काहीतरी कुटायला बसते, तेथे ठोके ऐकू येऊन थांबले तरी पडद्यावरची आजी अजून खलबत्ता पुसतच होती, आणि प्रेक्षागृहात हशा पिकला. दिग्दर्शक धावत केबिनमध्ये आला आणि म्हणाला, “सर, लॅपटॉपवर तर बरोबर दिसत होतं. तुमच्या मशीनवर जरा अ‍ॅडजस्ट करा ना.” चित्रपटगृहाचा सर्व्हर डीसीपी वाजवतो, दुरुस्त करत नाही. खेळ थांबवला, पुढचा लघुपट लावला, आणि रात्री ध्वनी त्याच प्रमाणात लांबवून, स्वर उतरू नये याची काळजी घेऊन, डीसीपी नव्याने बांधले. लॅपटॉपवर त्याने काय पाहिले होते, तर संकलनाची मूळ फाइल. बांधलेले डीसीपी त्याने एकदाही उघडले नव्हते.

यावर माझा उपाय साधा आहे: चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशीच सर्व कॅमेरे आणि ध्वनिमुद्रण 24 वर लावायचे, आणि तयार डीसीपी एखाद्या चित्रपटगृहात सकाळच्या पहिल्या खेळाआधी विनंती करून संपूर्ण पाहायचे. पहिली दोन मिनिटे पाहून समाधान मानणाऱ्यांना मी उभेच करत नाही. वेगातला घोटाळा शेवटच्या दहा मिनिटांत पाहावा, तेथे तो लपत नाही.

डिस्कबाबतही तीच घाई दिसते. मॅकवर फॉरमॅट केलेली डिस्क सर्व्हरला बहुधा ओळखताच येत नाही, तर लिनक्सच्या ईएक्सटी पद्धतीची डिस्क सहसा चालते. लघुपटाला कुलूपबंद, म्हणजे ठरावीक मुदतीच्या डिजिटल चावीनेच उघडणाऱ्या, डीसीपीची गरज नसते, कारण चावीची मुदत चुकीची पडली तर स्वतःचाच चित्रपट स्वतःला लावता येत नाही. 1920 रुंदीचे चित्र 1998 च्या फ्लॅट चौकटीत बसवले की दोन्ही बाजूंना 39 पिक्सेलची काळी पट्टी राहते. ती तशीच राहू द्यावी, कारण ती घालवण्यासाठी चित्र ताणले तर माणसे जाड दिसतात.

आता चित्रीकरणाकडे. निगेटिव्हवर काम केलेल्या जुन्या माणसांना थोडा प्रकाश जास्तच देण्याची सवय असते आणि ती योग्य आहे, कारण निगेटिव्ह जादा प्रकाश पचवते, पण कमी प्रकाशात सावल्या गढूळ आणि दाणेदार होतात. 500 एएसएच्या (एएसए म्हणजे फिल्मच्या प्रकाशसंवेदनेचा आकडा) फिल्मवर मी स्वतः मीटर 250 वर ठेवतो, म्हणजे प्रकाश दुप्पट मिळतो. डिजिटल सेन्सरचे गणित मात्र उलटे आहे. माजघरात पात्र बसले आहे आणि उघड्या दारातून अंगणातले वाळत घातलेले पांढरे धोतर दिसते आहे, अशा चौकटीत चेहरा उजळ करण्याच्या नादात धोतर जादा प्रकाशाने पांढरेफटक होऊन जळले तर तेथे कोणतीही माहिती उरत नाही, आणि नंतर रंग दुरुस्त करणारा कलरिस्ट कितीही हुशार असला तरी त्याला फक्त एक करडा डाग मिळतो. डिजिटलवर आधी ते धोतर वाचवावे आणि चेहऱ्यासाठी आत दिवा लावावा. दिवा लावण्याचा कंटाळा करून ‘पोस्टमध्ये बघू’ म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, आणि अशा चित्रावर वरून कृत्रिम दाणे पसरून त्याला ‘फिल्म लुक’ म्हणणाऱ्यांवर त्याहूनही नाही.

डिजिटलवर शिकलेली मुले हौसेने फिल्मकडे वळतात, तेव्हा त्यांची चूक वेगळी असते. 35 मिमीचा 400 फुटांचा डबा साडेचार मिनिटांच्या आतच संपतो, हे कागदावर ठाऊक असूनही तालीम न करता कॅमेरा चालू करण्याची सवय सुटत नाही. परवडत नसेल तर 16 मिमी घ्यावे, तेवढ्याच फुटांत अकरा मिनिटे मिळतात. टेक पसंत पडला की कॅमेऱ्याचे गेट, म्हणजे फिल्मवर प्रकाश पडतो ती चौकट, उघडून भिंगाने पाहावे. गेटमध्ये अडकलेला एक केस चित्रपटगृहाच्या पडद्यावर दोरखंडाएवढा दिसतो. न धुतलेली फिल्म विमानतळावर तपासणीसाठी सोडलेल्या सामानात कधीही टाकू नये, कारण तेथील क्ष-किरणांनी ती धुरकटते. ती हातात ठेवून हाताने तपासण्याची विनंती करावी.

साठवणुकीविषयी एवढेच की ‘डिजिटल आहे, कायम राहील’ हा गैरसमज आहे. कपाटात पडून राहिलेली हार्ड डिस्क काही वर्षांनी फिरायचे नाकारू शकते, तर थंड, कोरड्या जागी ठेवलेली निगेटिव्ह अनेक दशके टिकते. तीन प्रती ठेवाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या गावी. आणि अ‍ॅसिटेट या प्लास्टिकवरच्या जुन्या फिल्मच्या रिळाला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ते त्याच दिवशी इतर रिळांपासून वेगळे करावे.

जुन्या प्रिंट दाखवणाऱ्यांच्या दोन सवयी मला विशेष खटकतात. 16 मिमीच्या प्रोजेक्टरवर गेटच्या वरचा आणि खालचा लूप, म्हणजे फिल्मचा सैल वळसा, नीट न सोडता बटण दाबले जाते, मग चित्र थरथरते आणि फिल्मच्या कडेची भोके फाटतात, आणि दोष बिचाऱ्या प्रिंटला दिला जातो. दुसरी सवय म्हणजे मूकपट सरसकट 24 च्या वेगाने चालवणे. ते बहुतेक हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्यावर याहून कमी वेगाने टिपलेले असतात, त्यामुळे 24 वर गंभीर प्रसंगही प्रहसन वाटू लागतो. वेग बदलण्याची सोय असलेला प्रोजेक्टर मिळवावा, 16 ते 20 च्या दरम्यान लावून पाहावे, आणि पात्रे माणसांसारखी चालू लागली की तेथे थांबावे.