सुई लागण्याआधीचा कागद

माझ्या आजीच्या हनुवटीवर तीन ठिपके होते. जत्रेत गोंदवलेले. कुणी गोंदवले, सुई आधी कुणाला टोचली होती, हे विचारायची तेव्हा पद्धत नव्हती. माझा साताऱ्यात टॅटूचा स्टुडिओ आहे आणि गिऱ्हाइकाने संमतीचा फॉर्म भरल्याशिवाय मी मशीन हातात घेत नाही. टॅटूसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, म्हणून नवीन मुलं कागदाचा कंटाळा करतात. पण वाद झाला की करार, फौजदारी, ग्राहक असे सगळे नेहमीचे कायदे लागू होतात, आणि संमती घेतली होती हे दाखवायची वेळ आपल्यावरच येते.

सुरुवात वयापासून. १८ पूर्ण नसतील तर नाही, आई शेजारी बसून "मी सही करते हो ताई" म्हणाली तरी नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार अल्पवयीन मुलाला करार करता येत नाही, आणि भारतीय न्याय संहितेचं कलम २५ संमतीने झालेल्या इजेबाबत जे संरक्षण देतं, ते १८ वर्षांवरच्या माणसाच्या संमतीचं आहे. ओळखपत्र मूळ बघा. आधारची झेरॉक्स मात्र ठेवू नका. जन्मतारीख, कोणतं कार्ड पाहिलं ते आणि शेवटचे चार आकडे लिहिले की काम झालं.

पिऊन आलेल्याला परत पाठवा. काय चाललंय हे न कळण्याइतकी नशा असेल तर त्याच न्याय संहितेच्या कलम २८ प्रमाणे ती संमतीच नव्हे. चौघा मित्रांनी पैज लावून आणलेल्या पोराला मी आधी एकट्याला आत बोलावते. निम्मे तिथेच "पुढच्या महिन्यात येतो" म्हणतात.

फॉर्म मराठीत ठेवा आणि गिऱ्हाइकाच्याच हाताने भरून घ्या. मधुमेह, फिट्स, रक्त पातळ करायच्या गोळ्या, गरोदरपण, जखमेवर वण वाढायची सवय, कशाची अ‍ॅलर्जी, आज जेवलात का. प्रत्येकापुढे हो किंवा नाही. "मला कोणताही आजार नाही" अशी एकच छापील ओळ आणि खाली सही, हा फॉर्म काही कामाचा नाही. ती ओळ कुणी वाचतच नाही. टॅटूनंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही, हेही त्यात लिहा.

आमच्या भागात आणखी एक प्रश्न हवाच: भरतीची तयारी करताय का? सैन्यात कायमचा टॅटू कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालतो. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या प्रथेप्रमाणे सवलत असते. दंडावर वाघ काढायला आलेल्या पोराला आधी भरतीची जाहिरात वाचून ये म्हणते.

मग स्टेन्सिल, म्हणजे सुई लावण्याआधी अंगावर उमटवलेला नक्षीचा छाप. नाव असेल तर गिऱ्हाइकाकडून मोठ्याने वाचून घ्या. ऱ्हस्व-दीर्घावरून झालेली भांडणं मी पाहिली आहेत. अंगावर लावलेल्या स्टेन्सिलचा फोटो काढा, फॉर्मवर जागा आणि आकार लिहा, त्याखाली वेगळी सही. इन्स्टाग्रामवर फोटो टाकायची परवानगी हा आणखी वेगळा चौकोन. तो रिकामा असेल तर फोटो टाकायचा नाही, आणि नंतर कुणी "काढा" म्हटलं तर काढायचा.

आता मी स्वतः खाल्लेली ठेच. एक ताई सात महिन्यांनी आल्या, गुलाबाचा लाल भाग तेवढा सुजलेला. लाल रंगाची अ‍ॅलर्जी अशी उशिरा उठू शकते. त्वचेच्या डॉक्टरांनी शाई कोणती ते विचारलं. माझ्याकडे तेव्हा लाल रंगाच्या तीन बाटल्या होत्या आणि नोंद एकीचीही नव्हती. तेव्हापासून प्रत्येक फॉर्मच्या मागे शाईची कंपनी, रंग, बॅच नंबर, बाटली उघडल्याची तारीख, कार्ट्रिजचा (मशीनला लावायच्या सुईच्या नळीचा) बॅच नंबर आणि मुदत असते. कार्ट्रिजचं पाकीट गिऱ्हाइकासमोर फोडायचं आणि त्यावरचं लेबल सरळ फॉर्मला चिकटवायचं. लिहिण्यापेक्षा सोपं.

वापरलेल्या सुया आरपार टोचणार नाहीत अशा पांढऱ्या डब्यात जातात. जैववैद्यकीय कचरा नेणाऱ्यांची पावती तारखेप्रमाणे फाइलला.

फॉर्मला अनुक्रमांक द्या, तोच रजिस्टरमध्ये. कपाटाला कुलूप हवं. त्यात लोकांचे आजार लिहिलेले असतात, काउंटरवर गठ्ठा ठेवायची गोष्ट नाही. ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत २ वर्षांची आहे, मी ३ वर्षं ठेवते. मग दिवाळीच्या साफसफाईत जुने फॉर्म फाडून जाळते. रद्दीवाल्याला देत नाही, तो किलोला कितीही देऊ दे.