फेलिसिटी केंडलची कारकीर्द-सूची कशी करावी: नाटक, मालिका आणि तारखांचे घोळ

अभिनेत्रीवर लेख लिहायचा असो, विकिपीडियावर पान करायचे असो की नाट्यशास्त्राचा प्रकल्प, सुरुवात बहुतेक जण एकाच पद्धतीने करतात. सालवार नावे काढायची आणि एकाखाली एक लिहीत जायची. ब्रिटिश अभिनेत्रीच्या बाबतीत ही पद्धत पहिल्या दहा ओळींतच फसते. तिथे एकच नाटक वेगवेगळ्या संचांत पुन्हा पुन्हा उभे राहते, नाट्यगृहांची नावे बदलतात, आणि टीव्हीवर झालेले नाटक रंगमंचावरच्या प्रयोगाशी बेमालूम मिसळते.

म्हणून एक नियम आधीच पाळा: सूचीतली एक ओळ म्हणजे एक नाटक नव्हे, एक निर्मिती. उदाहरणासाठी फेलिसिटी केंडल घेऊ. जन्म १९४६ चा, इंग्लंडमधला. बालपण भारतात, आईवडिलांच्या फिरत्या नाटक कंपनीबरोबर. नाव झाले लंडनच्या रंगभूमीवर आणि बीबीसीवर. मराठी वाचकाला ती शशी कपूर यांची मेहुणी म्हणून माहीत असते. तेवढ्यावर थांबणे तिच्या कामावर अन्याय करणारे आहे.

तक्ता कसा आखावा

दहा रकाने पुरतात: सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख, कलाकृती, भूमिका, माध्यम, स्थळ किंवा वाहिनी, दिग्दर्शक, पहिली निर्मिती की पुनर्निर्मिती, शेरा, आणि पुरावा. शेवटचा रकाना रिकामा असेल तर ती ओळ कच्ची समजा आणि वेगळ्या रंगात ठेवा.

तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने भरा. ब्रिटिश कागदपत्रांत ६/१/१९८० म्हणजे ६ जानेवारी, पण संगणक अमेरिकी पद्धतीवर लावलेला असेल तर तो त्याचा १ जून करतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. तक्त्यात अंक इंग्रजीच टंका. देवनागरी अंकांना तक्त्याची प्रणाली बऱ्याचदा साधा मजकूर समजते, मग सालवार क्रम लागत नाही. देवनागरी करायचे ते छापताना.

नाव आणि घराणे

केंडल या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी एकच ‘एल’ आहे. दोन ‘एल’ लिहिणारे पुष्कळ, त्यामुळे शोध घेताना दोन्ही रूपे टाकून पाहा. लिहिताना मात्र एकच. वडील जेफ्री केंडल यांचे मूळ आडनाव ब्रॅग. ‘केंडल’ हे त्यांनी आपल्या जन्मगावावरून घेतले. जुन्या नोंदींत कुटुंब शोधायचे तर हे हाताशी हवे.

सगळ्यात मोठा घोटाळा दोघी बहिणींचा होतो. १९६५ च्या ‘शेक्सपिअरवाला’ची नायिका फेलिसिटी. १९८१ च्या ‘३६ चौरंगी लेन’ची नायिका तिची थोरली बहीण जेनिफर. मुंबईत जुहूला १९७८ मध्ये सुरू झालेले पृथ्वी थिएटरही शशी कपूर आणि जेनिफर यांच्या खात्यातले. फेलिसिटीच्या सूचीत त्याची ओळ येत नाही.

वडिलांच्या ‘शेक्सपिअराना’ कंपनीतल्या कामांसाठी वेगळा गट करा. नऊ महिन्यांची असताना कडेवरून रंगमंचावर आणलेले मूल, ही नोंद सगळीकडे ‘पदार्पण’ म्हणून सापडते. ती ठेवा, पण लंडनच्या व्यावसायिक कामांच्या आकड्यात मिसळू नका. लंडनचे पदार्पण १९६७ चे, सॅव्हॉय थिएटरमधले. ‘शेक्सपिअरवाला’ त्या कंपनीच्या अनुभवांवर बेतलेला असला तरी कथापट आहे. त्यातला दौरा खरा दौरा म्हणून नोंदवला की सूची तिथेच बिघडली.

रंगमंचाच्या नोंदी

आपल्याकडे शुभारंभाचा प्रयोग हाच पहिला प्रयोग. लंडनला तसे नाही. आधी तिकीट लावूनच काही पूर्वप्रयोग होतात, त्या काळात संहिता आणि हालचाली बदलत असतात, आणि मग समीक्षकांना बोलावून ‘प्रेस नाइट’ होते. छापील संहितांत आणि संदर्भग्रंथांत बहुधा प्रेस नाइटचीच तारीख असते. तीच मुख्य धरा. पूर्वप्रयोगाची तारीख सापडली तर शेऱ्यात टाका. हे केले नाही तर दोन ठिकाणी दोन तारखा दिसतात आणि माणूस चुकीची खोडत बसतो, जेव्हा दोन्ही बरोबर असतात.

प्रयोगांच्या आकड्याचेही तसेच. आपले नाटक आज शिवाजी मंदिर, उद्या ठाणे, परवा पुणे असे फिरते आणि शंभरावा प्रयोग हा मोठा टप्पा असतो. वेस्ट एंडचे, म्हणजे लंडनच्या व्यावसायिक नाट्यगृहांच्या भागातले, नाटक एकाच नाट्यगृहात मुक्काम ठोकते आणि आठवड्याला साधारण आठ प्रयोग करते. म्हणजे शंभर प्रयोग साडेबारा आठवड्यांत होतात. त्या आकड्याला आपल्या शंभराव्या प्रयोगाचे वजन देऊ नका.

लंडनच्याच नॅशनल थिएटरची रीत आणखी वेगळी. तिथे एकाच काळात अनेक नाटके आलटून पालटून होतात. केंडलने तिथे नोव्हेंबर १९७९ मध्ये ‘अमेडिअस’मध्ये मोझार्टची बायको कॉन्स्टान्झ केली आणि १९८० मध्ये ‘ऑथेल्लो’त डेस्डेमोना. दोन्हींत अभिनेते पॉल स्कोफिल्ड, दोन्हींचे दिग्दर्शक पीटर हॉल. दोन ओळींच्या तारखा एकमेकींवर चढलेल्या दिसल्या तर दचकू नका, दुरुस्तीही करू नका.

नाट्यगृहाचे नाव त्या वेळी होते तेच लिहा आणि आजचे नाव शेऱ्यात. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळले की हमखास फसगत होते. १९७४ मध्ये केंडल ‘ग्लोब’मध्ये होती असे वाचले की कुणालाही थेम्सकाठचे शेक्सपिअरचे ग्लोब आठवते. ते १९९७ मध्ये उघडले! १९७४ चे ग्लोब शाफ्ट्सबरी अव्हेन्यूवरचे, आणि १९९४ पासून त्याचे नाव गिलगुड थिएटर आहे. १९८२ मध्ये ‘द रिअल थिंग’ जिथे लागले ते स्ट्रँड थिएटर आज नोव्हेलो म्हणून ओळखले जाते.

त्या ग्लोबमधल्या नाटकावर थोडे थांबले पाहिजे, कारण एकाच ओळीत जवळजवळ सगळे सापळे आहेत. ‘द नॉर्मन कॉन्क्वेस्ट्स’ हे तीन नाटकांचे त्रिकूट: एकाच घरातला तोच शनिवार-रविवार, एकदा जेवणघरातून, एकदा बैठकीतून, एकदा बागेतून. १९७३ मध्ये ते इंग्लंडमधल्या स्कारबरो गावी पहिल्यांदा झाले, वेगळ्या संचात. १९७४ मध्ये लंडनच्या ग्रिनिचला नव्या संचात आले आणि तिथून ग्लोबला गेले. या नव्या संचात केंडल अॅनी, पेनेलोपी कीथ सेरा, पेनेलोपी विल्टन रूथ. १९७७ मध्ये टीव्हीवर आले तेव्हा अॅनी झाली विल्टन, आणि केंडल त्यात नाहीच. नुसते नाटकाचे नाव लिहिणारा तिला स्कारबरोतही घालतो आणि टीव्हीवरही. बरोबर नोंद अशी: एक ओळ, तीन नाटके कंसात, ‘ग्रिनिच, मग ग्लोब, १९७४’, भूमिका अॅनी, शेरा ‘पहिली निर्मिती नव्हे, लंडनचा पहिला संच’.

‘द रिअल थिंग’मध्येही तिच्या भूमिकेचे नाव अॅनीच आहे. भूमिकेच्या नावावरून शोध घेणाऱ्याने ही ओळ तांबड्या रंगात ठेवावी. १९८४ मध्ये हे नाटक ब्रॉडवेवर गेले तेव्हा ती अॅनी ग्लेन क्लोजने केली.

टीव्हीच्या नोंदी

बीबीसीसाठी ‘जीनोम’ हे संकेतस्थळ उघडा. त्यावर ‘रेडिओ टाइम्स’ या बीबीसीच्या कार्यक्रम-साप्ताहिकातल्या १९२३ ते २००९ च्या कार्यक्रमांच्या याद्या आहेत. नाव अवतरणचिन्हांत टाका, मग वर्षाची चाळणी लावा. एक लक्षात असू द्या, ही आधी छापलेली यादी आहे. संप, मोठी बातमी किंवा लांबलेला सामना यांमुळे त्या दिवशी काय बदलले ते तिच्यात नसते. शंका असेल तिथे दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र पाहा. आयटीव्ही या दुसऱ्या वाहिनीवरच्या मालिका इथे सापडणार नाहीत. पॅम फेरिसबरोबरची ‘रोझमेरी अँड थाइम’ (२००३ ते २००७) आयटीव्हीची होती.

प्रक्षेपणाची तारीख वेगळी, चित्रमुद्रणाची वेगळी. बीबीसीच्या शेक्सपिअर मालिकेतले ‘ट्वेल्फ्थ नाइट’ ६ जानेवारी १९८० ला दाखवले गेले, नाताळानंतरच्या बाराव्या रात्रीच्या सणाला धरून. त्यात केंडल व्हायोला होती. चित्रमुद्रण आदल्या वर्षीच झाले होते. म्हणून ‘१९८० मध्ये तिने व्हायोला केली’ हे वाक्य चूक, ‘दिसली’ म्हणा.

‘द गुड लाइफ’ ही केंडलची बीबीसीवरची विनोदी मालिका १९७५ ते १९७८ या काळातली. सात भागांची चार पर्वे म्हणजे २८, अधिक १९७७ चा नाताळ विशेष आणि १९७८ मध्ये राणीच्या उपस्थितीत चित्रमुद्रित झालेला भाग, मिळून ३०. कुठे २८ दिसतात, कुठे ३०; फरक या दोन विशेष भागांचा. अमेरिकेत हीच मालिका ‘गुड नेबर्स’ नावाने दाखवली गेली, तिची वेगळी ओळ करू नका. साठ-सत्तरच्या दशकांतल्या बीबीसीच्या कित्येक टेपा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. त्यामुळे त्या काळातल्या कामांपुढे ‘चित्रफीत उपलब्ध / नाही’ असा शेरा घाला, म्हणजे न पाहता केलेले वर्णन कुणी पाहिल्यासारखे लिहिणार नाही.

पुरस्काराला तक्त्यात वेगळी ओळ देऊ नका, कामाच्या ओळीला जोडा. १९८९ चा ईव्हनिंग स्टँडर्ड पुरस्कार तिला ‘मच अडू अबाउट नथिंग’ आणि ‘इव्हानोव्ह’ या दोन नाटकांतल्या कामांसाठी मिळाला. पुरस्कार एक, ओळी दोन.

सूची भरल्यावर

आता दिग्दर्शकाच्या रकान्यावर क्रम लावा. पीटर वूड हे नाव पुन्हा पुन्हा येते: ‘ऑन द रॅझल’ १९८१, ‘द रिअल थिंग’ १९८२, ‘जम्पर्स’ १९८५, ‘हॅपगुड’ १९८८, ‘इंडियन इंक’ १९९५. सगळी नाटके टॉम स्टॉपार्ड यांची. त्यात ट्रेव्हर नन यांनी दिग्दर्शित केलेले १९९३ चे ‘आर्केडिया’ मिळवा. ‘जम्पर्स’ तेवढे पुनर्निर्मिती, कारण ते पहिल्यांदा १९७२ मध्ये झाले होते. उरलेल्या पाचही नाटकांच्या पहिल्या संचात केंडल होती. नव्या भूमिकेचा पहिला आवाज आणि पहिली चाल ठरवण्याचे काम तिने चौदा वर्षांत पाच वेळा केले, आणि लोकप्रियतेच्या याद्यांत ती अजूनही ‘द गुड लाइफ’मधली, बागेत भाज्या पिकवणारी बार्बराच आहे. तिच्या कारकिर्दीचा कणा या पाच ओळींत आहे. लेखात निम्मी जागा त्यांना द्यावी. ‘जम्पर्स’मध्ये तिच्यासोबत पॉल एडिंग्टन होते, ‘द गुड लाइफ’मधले शेजारी जेरी. टीव्ही आणि रंगमंच एकाच तक्त्यात ठेवले तरच असे धागे दिसतात.

माध्यमाच्या रकान्यात ‘नभोवाणी’ हा पर्याय ठेवायला विसरू नका. ‘इंडियन इंक’ची सुरुवात १९९१ मध्ये बीबीसी रेडिओ ३ वरच्या ‘इन द नेटिव्ह स्टेट’ या श्रुतिकेतून झाली. त्यात १९३० च्या भारतात आलेली कवयित्री फ्लोरा क्रू केंडल, आणि वृद्ध मिसेस स्वान, म्हणजे फ्लोराची धाकटी बहीण, पेगी अॅशक्रॉफ्ट. १९९५ मध्ये ऑल्ड्विच थिएटरात केंडल पुन्हा फ्लोरा. डिसेंबर २०२५ मध्ये हॅम्पस्टेड थिएटरात मात्र केंडल झाली मिसेस स्वान. कलाकृतीच्या नावावर क्रम लावला तर श्रुतिका दुसरीकडेच जाऊन पडते, कारण तिचे नाव वेगळे आहे. म्हणून या तिन्ही ओळींना शेऱ्यात एकच खूण द्या.