पोटगी कशी भरावी: सहा वर्षांच्या पासबुकातून

मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीचा सुपरवायझर आहे. २०१९ मध्ये आमचा घटस्फोट झाला. लग्नानंतरची चौदा वर्षं ती घर सांभाळत होती आणि मुलगी तेव्हा सातवीत होती. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली तिला दरमहा १४ हजार आणि मुलीला वेगळे ८ हजार मंजूर झाले. माझ्या ओळखीतल्या दोघांवर आता हीच वेळ आली आहे, म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट, रोख देऊ नका. पहिल्या वर्षी तीन महिने मी पाकीट तिच्या भावाच्या हाती दिलं. घरचाच माणूस, त्याच्याकडून पावती कसली मागायची! पुढे बोलणं बिनसलं आणि थकबाकीच्या वसुलीची दरखास्त आली. माझ्याकडे साधी चिठ्ठीही नव्हती. ६६ हजार रुपये दुसऱ्यांदा भरले, तेही सोसायटीतून कर्ज काढून.

तेव्हापासून पैसे थेट तिच्या खात्यात जातात. पगार १ तारखेला होतो, म्हणून बँकेला ३ तारखेची कायमची सूचना देऊन ठेवली आहे. तिची रक्कम वेगळी, मुलीची वेगळी, आणि शेऱ्यात ‘पोटगी, जून’ असं लिहिलेलं. दोन्ही रकमा एकत्र पाठवू नका. उद्या तिने दुसरं लग्न केलं, तर तिची पोटगी थांबवण्यासाठी तुम्ही कोर्टात अर्ज करू शकता, पण त्यामुळे मुलीची थांबत नाही. मुलीला सायकल घेतली, क्लासची फी भरली, तर ते पैसे पोटगीतून परस्पर वळते करायचे नाहीत. हुकूमनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या आदेशात, तशी सोय असेल तरच. दर मार्चला स्टेटमेंट छापून फाईलला लावतो.

ज्यांची केस अजून चालू आहे त्यांनी शपथपत्राकडे नीट लक्ष द्यावं. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगितलं, की दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी ठरावीक नमुन्यात जाहीर करायची, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. म्हणजे निकालाला दोन वर्षं लागली, तर दोन वर्षांची रक्कम एकदम अंगावर येते. अर्जाची नोटीस मिळाली त्या महिन्यापासूनच पैसे बाजूला काढायला लागा.

आमच्या वेळी हा नमुना नव्हता, पण तिने खर्चाचा तक्ता दिला होता. दूध, गॅस, मुलीच्या रिक्षाचे पैसे, थायरॉईडच्या गोळ्या. त्या गोळ्या ती मुलगी झाल्यापासून घेत होती आणि त्यांना महिन्याला किती लागतात हे मला त्या कागदावरून कळलं. रात्री तो तक्ता पुढे घेऊन बसलो होतो. ‘ती घरी काय करते’ असं मी वकिलांना आदल्याच आठवड्यात विचारलं होतं. त्या रात्रीनंतर ते वाक्य माझ्या तोंडून पुन्हा आलं नाही.

आकडा किती? पगाराच्या २५ टक्के, असं सगळे सांगतात. २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने हातात येणाऱ्या पगाराच्या २५ टक्के योग्य मानले होते खरे, पण तो पक्का नियम नाही. राहणीमान, मुलं, तिचं वय, शिक्षण, घरासाठी सोडलेली नोकरी, सगळं पाहिलं जातं. आयकर आणि पीएफ साधारणपणे वजा धरतात. गाडीचा हप्ता दाखवून पगार कमी करायला जाऊ नका.

संमतीने वेगळे होत असाल आणि ऐपत असेल तर एकरकमीचा विचार करा. डिमांड ड्राफ्टचा नंबर संमतीच्या अटींत लिहून घ्या. एकरकमी पोटगी मिळणाऱ्याचं करपात्र उत्पन्न नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाचा १९८३ चा निकाल आहे. दरमहाची मात्र तिचं उत्पन्न धरली जाते. देणाऱ्याला दोन्हींत करसवलत नाही.

नोकरी गेली, पगार घटला, तर कलम २५(२) खाली रक्कम कमी करण्याचा अर्ज लगेच करा. नवा आदेश येईपर्यंत जुनाच आकडा चढत राहतो. पोटगी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालची, म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालची असेल, तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगूनही देणं फिटत नाही.

गेल्या वर्षी तिचं घरभाडं वाढलं. मुलीकडून कळलं. ती अर्ज करणार होती, पण त्याआधीच मी वकिलांना फोन करून दोघांच्या सहीची पुरसिस, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी निवेदन, तयार करून घेतली. एका तारखेत काम झालं. आता तिचे १७ हजार जातात.