डोमेन रिन्यूअलचं बिल आलंय? आधी रजिस्ट्रार बघा

दादरचं साडीचं दुकान असो की अंधेरीतलं क्लिनिक, वेबसाइट असली की कधीतरी ‘डोमेन संपतंय, आजच पैसे भरा’ असा मेल येतोच. त्यात डोमेनचं (म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचं) नाव बरोबर असतं, कधी संपण्याची तारीखही. त्यावर जाऊ नका. एक्स्पायरीची तारीख कुणालाही बघता येते.

आयकॅन ही डोमेनची व्यवस्था बघणारी जागतिक संस्था; तिच्या लुकअप (माहिती शोधण्याच्या) पानावर डोमेन टाका. ‘रजिस्ट्रार’ म्हणजे डोमेन नोंदवणारी कंपनी. त्यासमोरची कंपनी आणि बिल पाठवणारी कंपनी वेगळी दिसली, तर पैसे भरू नका. (डोमेन वेब डिझायनरने घेतलं असेल तर त्याला फोन करा.) मेल शेवटपर्यंत वाचा. तळाशी बारीक अक्षरांत कधी कधी ‘हे बिल नाही’ किंवा ‘सर्च इंजिन नोंदणी’ असं सापडतं. म्हणजे पैसे भरूनही डोमेन रिन्यू होत नाही!

रिन्यूअल मेलमधल्या लिंकवरून नको. रजिस्ट्रारचा पत्ता स्वतः टाइप करून लॉगिन करा. तिथे ऑटो-रिन्यू आणि ट्रान्सफर लॉक (डोमेन दुसरीकडे हलवू न देणारं कुलूप) चालू ठेवा. ऑथ कोड म्हणजे डोमेन हलवण्याचा पासवर्ड; मागणाऱ्याला तो देऊ नका, त्यावर डोमेन दुसरीकडे हलवता येतं. बिलं अकाउंटंट भरत असेल तर रजिस्ट्रारचं नाव त्यालाही लिहून द्या; फसवणूक तिथेही होऊ शकते.

पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा.