फायनली ब्लॉक लिहिताना या चुका टाळा

फायनली म्हणजे ट्राय ब्लॉकनंतरचा कोड, ट्राय यशस्वी होवो की फसो, तो चालतोच. त्यात रिटर्न लिहू नका. जावा असो की पायथन, हा रिटर्न आधी थ्रो झालेलं एक्सेप्शन, म्हणजे काही फसल्याची सूचना, गिळून टाकतो. ट्रायमध्ये ऑर्डरची क्वेरी फसते, फायनलीतला रिटर्न रिकामी लिस्ट परत देतो आणि लॉगमध्ये एक ओळही उमटत नाही. ग्राहक म्हणतो ऑर्डर गायब झाल्या, टीम फ्रंटएंड उसवत बसते, आणि डेटाबेसकडे कोणी बघतच नाही. जावाच्या कंपायलरला लिंटचा (संशयास्पद कोड शोधणाऱ्या तपासणीचा) फायनली पर्याय द्या, तो इशारा देतो. पायथन ३.१४ पासून अशा रिटर्नवर सिंटॅक्स वॉर्निंग येते. ती दाबून टाकणाऱ्याचा कोड मर्ज करू नये, असं माझं ठाम मत आहे.

क्लोज, म्हणजे कनेक्शन किंवा फाइल बंद करणं, ट्रायच्या शेवटच्या ओळीत ठेवणं ही दुसरी नेहमीची चूक. सगळं सुरळीत असेपर्यंत ती कळत नाही. जावाच्या हिकारीसीपी लायब्ररीचा पूल, म्हणजे तयार ठेवलेल्या डेटाबेस कनेक्शनचा साठा, मुळात १० कनेक्शनचा असतो. क्वेरी दहा वेळा फसली की दहाही कनेक्शन अडकतात आणि पुढची रिक्वेस्ट ३० सेकंद थांबून टाइमआउट होते. घाईतली मंडळी लगेच पूल ५० करतात. त्याने गळती थांबत नाही, सर्व्हर थोडा उशिरा बसतो इतकंच. त्याऐवजी लीक डिटेक्शन थ्रेशोल्ड (कनेक्शन किती वेळ परत आलं नाही की इशारा द्यायचा, ती मर्यादा) ६०००० मिलिसेकंद करा. मुळात तो बंद असतो. चालू केला की परत न आलेलं कनेक्शन कोणत्या ओळीवर घेतलं, ते लॉगमधल्या स्टॅकट्रेसमध्ये (कोडच्या कोणत्या ओळींमधून तिथे पोचलो, त्या यादीत) दिसतं.

मुळात क्लोज हाताने लिहूच नये. जावा ७ पासून ट्राय-विथ-रिसोर्सेस आहे, पायथनमध्ये विथ आहे; दोन्ही क्लोज आपोआप करतात. जावात हाताने लिहिलेल्या फायनलीतला क्लोज स्वतःच फसला, तर मूळ एक्सेप्शन हरवतं. ट्राय-विथ-रिसोर्सेस मूळ एक्सेप्शन पुढे पाठवतं आणि क्लोजचं त्यालाच सप्रेस्ड म्हणून जोडतं.

लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) ट्रायच्या आधीच्या ओळीत घ्या, आत नको. आत घेताना फसलं, तर न मिळालेलं लॉक फायनली सोडायला जातं.

कमिट, म्हणजे डेटाबेसमधले बदल पक्के करणं, फायनलीत कधीच नको, अर्धवट व्यवहार पक्का होतो. कमिट ट्रायच्या शेवटी, रोलबॅक (बदल मागे घेणं) एक्सेप्शन पकडणाऱ्या कॅचमध्ये. फायनलीत फक्त तेच, जे यश आणि अपयश दोन्हीत करायचंय.

आणि किल -९ (प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद करणारी कमांड) दिल्यावर फायनली चालत नाही. म्हणून टेंप (तात्पुरत्या) फाइल्स प्रोग्रॅम सुरू होतानाही साफ करा.