पेरणीआधी अमोनियाच्या टाकीची तपासणी

शासकीय निरीक्षक आला नाही म्हणून टाकी सुरक्षित ठरत नाही. अमेरिकेत टेक्सासमधल्या वेस्ट गावी १७ एप्रिल २०१३ रोजी एका खत केंद्रात स्फोट होऊन १५ जण दगावले. कामगार सुरक्षेचं काम पाहणाऱ्या केंद्रीय यंत्रणेने, ओशाने, तिथे शेवटची तपासणी केली होती १९८५ साली! म्हणून हंगामातली पहिली तपासणी आपली आपणच करावी, आणि तीही टाकी भरण्याआधी.

निर्जल अमोनिया, म्हणजे पाण्याचा अंश नसलेला, खत म्हणून वापरला जाणारा अमोनिया, उणे ३३ अंश सेल्सिअसलाच उकळतो, त्यामुळे टाकीत तो दाबाखाली द्रवरूपात ठेवावा लागतो. बाहेर पडला की तो ओलावा शोधतो: डोळे, घसा, घामेजलेली कातडी. टाकी ८५ टक्क्यांहून जास्त भरू नका. ऊन चढल्यावर द्रव फुगतो, त्याला जागा हवी.

सगळ्यात आधी नळ्या बघा. नळीवर छापलेली मुदत वाचा. चीर, फुगवटा किंवा आतली जाळी दिसत असेल तर मुदत शिल्लक असली तरी नळी बदला. चिकटपट्टी गुंडाळून हंगाम काढू नका. सेफ्टी व्हॉल्व्हचीही, म्हणजे दाब फार वाढला की तो बाहेर सोडणाऱ्या झडपेचीही, तारीख पाहा आणि पावसाचं पाणी अडवणारी त्याची टोपी जागेवर आहे ना, ते बघा. तांबं, पितळ किंवा जस्ताचा मुलामा असलेला एकही जोड अमोनियाच्या वाटेवर नको, कारण अमोनिया हे धातू खातो. ही चूक बहुधा ऐनवेळी हाताला लागेल तो सुटा भाग बसवताना होते.

आता पाणी. अमेरिकी नियमानुसार अमोनिया वाहून नेणाऱ्या टाकीसोबत किमान ५ गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर, स्वच्छ पाणी असावंच लागतं. हे पाणी रोज बदला. अंगावर अमोनिया उडाला तर निदान १५ मिनिटं पाणी ओतत राहा, मलम लावत बसू नका. कपडे गोठून कातडीला चिकटले असतील तर ओढू नका. आधी पाण्याने सुटू द्या, मग दवाखाना गाठा. नळी जोडताना बंदिस्त चष्मा आणि अमोनियाला टिकणारे हातमोजे घातलेच पाहिजेत. उभं राहायचं ते वारा पाठीशी घेऊन.

वेस्टमध्ये स्फोट झाला तो अमोनियाच्या टाक्यांचा नव्हता. लाकडी कप्प्यांत साठवलेलं सुमारे ३० टन अमोनियम नायट्रेट हे खत आगीत सापडलं होतं. तपासणी टाकीपाशी थांबवून चालत नाही ती यासाठीच. हे खत इंधन, लाकूड, बियाणं आणि कीटकनाशकांपासून दूर, न जळणाऱ्या बांधकामात ठेवा. त्याच्या साठ्यापर्यंत आग पोचली असेल तर विझवायला थांबू नका, माणसं लांब न्या. वेस्टमध्ये दगावलेल्या १५ जणांपैकी १२ जण मदतीला धावून आलेले होते. त्यांची आठवण ठेवून तरी एवढं करा.

अग्निशमन दलाला साठा कुठे आहे आणि किती आहे, हे हंगामाआधी लेखी कळवा. साठा बदलला की पुन्हा कळवा. आवाराचा नकाशा फाटकापाशी ठेवा, कचेरीच्या कपाटात नको.