भेसळीचा संशय आल्यास खाद्यपदार्थाची तपासणी कशी करून घ्यावी

सणासुदीचा खवा भेसळीचा वाटला, तर दुकानदाराशी हुज्जत घालण्यापेक्षा अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 मधील कलम 40 चा आधार घ्यावा. त्यानुसार ग्राहकाला ठरावीक शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेता येतो आणि नमुना पोहोचल्यापासून 14 दिवसांत अहवाल मिळणे अपेक्षित असते. मात्र तपासणीचा इरादा खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो, आणि नेमकी हीच अट बहुतेकांच्या गावी नसते. पदार्थ नियमबाह्य ठरल्यास शुल्क परत मिळते. सुट्या खव्यावर वेष्टन नसल्याने दुकानात लावलेल्या परवान्याचा वा नोंदणीचा 14 अंकी क्रमांक टिपून घ्यावा आणि पावती मागावीच. एवढी खटपट नको असल्यास महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्यावी. नमुना घेण्याचा अधिकार अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला असतो.